मामांचे घड्याळ उघडण्यापूर्वी

एका वाचकाचे पत्र: माझ्या मामांनी मस्कतला नोकरीस असताना घेतलेले सेको ५ हे ऑटोमॅटिक घड्याळ त्यांच्या पश्चात मामींनी मला दिले. बरीच वर्षे ते कपाटात पडून होते. दिवसभर हातात घातले की चालते, रात्री काढून ठेवले की पहाटेच्या आत बंद पडते, आणि हात हलवला की आतून खरखर ऐकू येते. काच धुरकट झाली आहे, डायलच्या कडेने पिवळसर डाग पडले आहेत. एका दुकानात दाखवले, तर त्यांनी "मशीन बदलून टाका, डायलही नवी करून देतो," असे सांगितले. मला बारीक हातकामाची आवड आहे, पण घड्याळ कधी उघडलेले नाही. हे काम मी स्वतः करू शकेन का, हत्यारे कोणती घ्यावीत, आणि डायल व केस नव्यासारखी करून घ्यावी का? — एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या कामाची दिशा त्यावरच ठरणार आहे. डायल रंगवून घेऊ नका, आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, तीही पॉलिशला देऊ नका. जुन्या घड्याळात जे डोळ्यांना दिसते त्याला शक्य तितके कमी हात लावावेत, आणि जे दिसत नाही, म्हणजे चक्रे, तेल, स्प्रिंग, रबरी रिंग, त्यावर लागेल तेवढी मेहनत करावी, असे माझे मत आहे. बाजारात नेमके याच्या उलट चालते: आतले मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून काढायचे आणि बाहेरून घड्याळ चकाचक करून द्यायचे. गिऱ्हाईक खूश होते, आणि सहा महिन्यांनी घड्याळ पुन्हा थांबते.

डायलवरची अक्षरे आणि खुणा रंगाच्या अतिशय पातळ थराने छापलेल्या असतात आणि त्यांवर लॅकरचा तितकाच पातळ पापुद्रा असतो. तुमच्या डायलवरचे पिवळे डाग बहुधा या लॅकरमध्ये उतरलेले आहेत, त्यामुळे ते पुसून जाणार नाहीत. ओल्या कापसाने पुसायला गेलात तर डाग तसेच राहतील आणि अक्षरे मात्र कापसावर येतील. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, एवढीच त्या डायलची सेवा. रंगवून दिलेल्या सेको आणि एचएमटी घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी 'मुंबई स्पेशल' असे नावच देऊन ठेवले आहे, आणि ते कौतुकाने दिलेले नाही. केसचेही तसेच आहे. बफिंगच्या चाकावर केसचे धारदार कोन गोलसर होतात, कारखान्यात मारलेल्या बारीक रेषा नाहीशा होतात, आणि एकदा झिजलेला धातू परत येत नाही. जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब एवढ्याने वर्षानुवर्षांचा घामाचा मळ निघतो. अर्थात मशीन, डायल आणि काटे बाहेर काढल्यानंतरच.

दुकानदाराने सांगितलेला मशीन बदलण्याचा पर्याय स्वस्त पडेल यात शंका नाही, परंतु त्यात जाईल काय, तेही पाहा. घड्याळाच्या पाठीवर चार आकडे, मग आडवी रेघ आणि पुन्हा चार आकडे कोरलेले असतील. पहिले चार आकडे मशीनचा क्रमांक सांगतात, नंतरचे चार केसचा. तुमच्या वर्णनावरून ते ७००९ असावे असा माझा अंदाज आहे, कारण आखाती देशांतून आपल्याकडे आलेल्या सेकोंमध्ये हे मशीन पुष्कळ आढळते: १७ ज्वेल (चक्रांची टोके ज्यांत फिरतात ती माणके), ताशी २१,६०० ठोके, वार आणि तारीख दोन्ही, आणि चावी देण्याची सोयच नाही, केवळ हाताच्या हालचालीवर भरणारे. १९९६ साली ७एस२६ हे मशीन आले आणि त्याने याची जागा घेतली. पाठीवरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा उत्पादनवर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना दाखवतो. क्रमांक ८३ ने सुरू होत असेल, तर घड्याळ १९७८ किंवा १९८८ च्या मार्चचे. दोहोंपैकी कोणते, हे मामा मस्कतला कधी गेले त्यावरून मामी सहज सांगू शकतील. डायलच्या तळाशी, सहाच्या खुणेखाली, भिंगातून पाहिल्यास ७००९ ने सुरू होणारी अगदी बारीक अक्षरे दिसली पाहिजेत. ती रेखीव असतील, तर डायल मूळची आहे असे समजण्यास हरकत नाही. फिसकटलेली किंवा गायब असतील, तर ती पूर्वीच कोणीतरी रंगवलेली असू शकते. आणखी एक गोष्ट पाहा. तारीख बदलण्याच्या जागी चावी ओढून वार पुढे सरकवत गेलात, तर इंग्रजी वारांबरोबर अरबी वारही येण्याची शक्यता आहे, कारण आखातात विकल्या जाणाऱ्या सेकोंना अशी दुभाषी चकती असे. मशीन बदलले की ती चकती दुकानदाराच्या डबीत जाईल. तुमच्या घड्याळाच्या मस्कतच्या दिवसांचा पुरावा असा कोणाच्या डबीत जाऊ देऊ नये.

आता दुखण्याकडे वळू. खरखर बहुधा रोटरची आहे. रोटर म्हणजे मशीनच्या पाठीवर फिरणारे ते अर्धगोलाकार वजन. ते मधल्या एका स्क्रूने बारीक छऱ्यांच्या बेअरिंगवर बसवलेले असते. स्क्रू सैल झाला किंवा बेअरिंग झिजले, की वजन कलते आणि मागच्या झाकणाला घासते. झाकण उघडाल तेव्हा त्याची आतली बाजू उजेडात तिरकी धरून पाहा: गोलाकार, चमकदार ओरखडा दिसला तर निदान पक्के झाले. स्क्रू घट्ट करून भागत असेल तर उत्तम, नाहीतर त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या मशीनचा रोटर बेअरिंगसकट घ्यावा लागेल.

पहाटे बंद पडण्याचे कारण अधिक खोल आहे. दिवसभर घातलेले निरोगी मशीन काढून ठेवल्यावर साधारण ४० तास चालले पाहिजे. तुमचे काही तासांतच थांबते, म्हणजे एकतर चक्रांमधले तेल वाळून गोंदासारखे झाले आहे, किंवा मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला ताकद पुरवणारी मुख्य स्प्रिंग, पुरेशी भरतच नाही. ऑटोमॅटिक घड्याळात मेनस्प्रिंगचे बाहेरचे टोक ती ज्या डबीत गुंडाळलेली असते तिच्या भिंतीला जखडलेले नसते. स्प्रिंग पूर्ण भरली की ते टोक भिंतीवरून घसरते, म्हणूनच दिवसभर हात हलवूनही ती तुटत नाही. या भिंतीला एक खास, पकड धरणारे ग्रीस लावावे लागते. ते वाळले किंवा कोणी तिथे साधे पातळ तेल घातले, तर टोक वेळेआधीच घसरते आणि स्प्रिंग अर्धीच भरते. तुमच्या घड्याळात बहुधा दोन्ही कारणे असतील. दुरुस्ती होईपर्यंत ते हौसेने रोज घालू नका, कारण वाळलेल्या तेलात फिरणाऱ्या चक्रांची टोके झिजत जातात.

हे काम तुम्ही स्वतः करू शकाल का? करू शकाल, पण मामांच्या घड्याळावर सुरुवात करून नव्हे. नवशिक्याच्या हातून पहिल्या मशीनचे काहीतरी बिघडतेच. एखादा स्क्रू घसरतो, हेअरस्प्रिंग, म्हणजे ठोके सांभाळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, वाकते, क्लिप उडून कपाटाखाली जाते. हा सगळा तोटा ज्या घड्याळाचा सोसता येईल असे एखादे आधी घ्या. माझी पसंती चावीच्या जुन्या एचएमटीला आहे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला सुरू झालेल्या त्या कारखान्याची 'जनता'सारखी घड्याळे आपल्याकडे घरोघरी होती, २०१६ साली सरकारने कंपनी बंद केली तरी सुटे भाग अजून मिळतात, आणि रोटर व तारखेचा गुंता नसल्याने आतली रचना एका नजरेत कळते. बंद पडलेले नग मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर मिळतात. तिथे घासाघीस जरूर करा. मात्र १९६० च्या दशकातले किंवा त्याआधीचे, अंधारात चमकणाऱ्या खुणांचे घड्याळ सरावासाठी मुळीच घेऊ नका. त्यांतल्या कित्येकांत रेडियमचा रंग असतो. त्याची चमक केव्हाच विझलेली असली, तरी रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे आहे आणि त्याची भुकटी श्वासातून आत गेलेली चांगली नाही.

ते एचएमटी सुटे करून, पुन्हा जोडून, चालते करून दाखवल्यावर, आणि एकदाच नव्हे तर हात बसेपर्यंत तसे केल्यावर, मग मामांच्या घड्याळाकडे वळा.

हत्यारांवर पहिल्याच महिन्यात पगार उधळण्याची गरज नाही, पण दोन गोष्टींत कंजुषी करू नका. एक म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटरचे चार-पाच पुरतात, पण पाते स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे हवे; ढिले पाते घसरते आणि मशीनच्या पाठीवर कायमचा ओरखडा उमटवते. दुसरी म्हणजे चिमटा. त्याची टोके पूर्ण जुळणारी असावीत, नाहीतर दाबलेला भाग गोफणीतल्या खड्यासारखा सुटतो. याखेरीज डोळ्याला लावायचे भिंग, मशीन धरण्याचा लहान शिकंजा, झाकण उघडण्याची तीन दातांची चावी, काटे उचलण्याच्या पट्ट्या, भाग ठेवायला झाकणाच्या डब्या आणि फोनचा कॅमेरा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी एक आणि काढल्यावर एक, असे फोटो घ्यावेत. कोणता स्क्रू कुठला हे लक्षात राहील असा विश्वास स्वतःवर ठेवू नये.

जागेबद्दल दोन शब्द. टेबलाखाली फरशीवर पांढरी चादर पसरा आणि काम चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते, म्हणून त्या दिवसांत घड्याळ उघडायचेच असेल तर एसीच्या खोलीत उघडा आणि सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. सफाईसाठी लायटरमध्ये भरायचे नॅफ्था आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. दोन्हींची वाफ पेट घेते, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि देवघरातले निरांजन, उदबत्ती विझलेली हवी. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण संध्याकाळी दिवा लावणारी व्यक्ती तुमच्या वाटीत काय आहे हे विचारणार नाही.

प्रत्यक्ष उघडताना क्रम मोडू नये. झाकण, मग रोटर. त्यानंतर मेनस्प्रिंगमधली उरलेली ताकद सोडायची: डबीवरच्या चक्राच्या स्क्रूमध्ये ड्रायव्हर घट्ट धरून, त्या चक्राला अडवणारी छोटी कळ बाजूला सारायची आणि ड्रायव्हर बोटांत हळूहळू उलटा फिरू द्यायचा. हे न करता पॅलेट, म्हणजे चक्रांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा छोटा भाग, काढलात, तर सगळी चक्रे एका क्षणात गरगर फिरतात आणि त्यांची केसासारखी टोके मोडतात. ताकद सुटली की बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारे चाक, काढावा, मग पॅलेट, आणि मग चावीची दांडी तिची कळ हलकेच दाबून बाहेर घ्यावी. जोर लावावा लागत असेल तर कळ दाबलीच गेलेली नाही असे समजावे. डायलच्या बाजूला काटे उचलण्यापूर्वी डायलवर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा पसरा. वाराच्या चकतीच्या मध्यभागी इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची इवलीशी क्लिप असते, आणि या मशीनमध्ये सर्वांत जास्त हरवणारी वस्तू तीच. तिच्यावर एक बोट किंवा लाकडी काडीचे टोक टेकवून ठेवूनच ती सोडवावी.

धुताना एक पथ्य कसोशीने पाळा. चक्रे, पूल (चक्रांना वरून धरणाऱ्या पट्ट्या), स्क्रू नॅफ्थात धुऊन शेवटी अल्कोहोलमध्ये खळबळले तर चालतात, परंतु पॅलेट आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये टाकू नका. त्यांवरची माणके लाखेने चिकटवलेली असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. या दोन भागांना नॅफ्थाच पुरे. ज्वेलची भोके टोकदार केलेल्या लाकडी काडीने फिरवून साफ करावीत. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत तिचे टोक पुन्हा पुन्हा तासत राहावे. या कामाला उतावळेपणा मानवत नाही. तेल किती घातले यापेक्षा ही सफाई किती नीट झाली, यावर घड्याळाचे पुढचे आयुष्य ठरते.

तेलाच्या बाबतीत घरातल्या कोणाचाही सल्ला घेऊ नका. शिलाई मशीनचे तेल, कुलपाचा स्प्रे आणि आपल्या कोकणी घरांत सर्व रोगांवर चालणारे खोबरेल, यांतले काहीही घड्याळात जाता कामा नये. वेगाने फिरणाऱ्या चक्रांना मोबियस ९०१० सारखे पातळ कृत्रिम तेल, संथ आणि दाबाखालच्या जागांना दाट तेल, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. ज्वेलभोवतीची वाटी निम्मी भरेल इतकाच थेंब घालावा. जास्त झालेले तेल तिथे थांबत नाही, पसरत जाऊन भलत्या जागी पोचते. पॅलेटच्या आसाच्या दोन्ही टोकांना तेल अजिबात लावायचे नसते.

मेनस्प्रिंगची डबी मात्र पहिल्या खेपेला स्वतः उघडू नका. स्प्रिंग परत भरायला त्या मापाचे वाइंडर, म्हणजे स्प्रिंग गुंडाळून धरणारे हत्यार, लागते आणि हाताने भरली तर तिला पीळ पडतो. कोपरखैरण्याहून ठाण्याला थेट लोकल आहे. नौपाडा, गोखले रस्ता, जांभळी नाका या भागात चौकशी केलीत तर भिंग लावून बसणारा एखादा जुना घड्याळजी नक्की भेटेल. बॅटऱ्या आणि पट्टे बदलणाऱ्या चकचकीत दुकानांत या कामासाठी जाऊ नये. सुटी डबी घेऊन जा, ऑटोमॅटिकचे ग्रीस लावून स्प्रिंग भरून द्या असे स्पष्ट सांगा, आणि परवानगी मिळाली तर बाजूला उभे राहून पाहा. बरेचसे घड्याळजी मितभाषी असतात, पण सुटी डबी घेऊन आलेला मुलगा दिसला की चार गोष्टी सांगतात.

जोडणी म्हणजे उलटा क्रम. त्यात दोनच ठिकाणी थांबावे लागेल. सेकोने १९५९ साली आणलेली 'मॅजिक लिव्हर' ही रचना तुमच्या मशीनमध्ये आहे: रोटरखालच्या चक्रावरच्या खुंटीला दोन हातांची एक पातळ लिव्हर अडकलेली असते, आणि रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी तिचा एक हात शेजारचे दातेरी चक्र ओढतो किंवा दुसरा ढकलतो. जोडताना ते दातेरी चक्र या दोन हातांच्या मधोमध आले पाहिजे. एक हात चुकून चक्राच्या वर राहिला, तर घड्याळ चालेल पण भरणार नाही, आणि तुम्ही दोष मेनस्प्रिंगला द्याल. दुसरी जागा काट्यांची. आधी चावीने वेळ पुढे नेत तारीख टक्कन बदलते तो क्षण पकडावा, आणि त्याच स्थितीत दोन्ही काटे बारावर बसवावेत. तसे केले नाही तर तारीख दुपारीच बदलू लागते. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख चावीने झटकन पुढे ढकलू नये, कारण त्या वेळी तिचे दाते आधीच गुंतलेले असतात.

वेळ लावताना बॅलन्सच्या पुलावर दोन छोटे हात दिसतील. एकाने घड्याळ मागे-पुढे होते, दुसऱ्याने टिक आणि टक यांतले अंतर सारखे होते. दुसऱ्याला हात लावू नका. फोनवरच्या अॅपने ठोके मोजून पहिला हात केसभर हलवा आणि दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत फरक आला की तिथेच थांबा. या वयाच्या मशीनकडून त्याहून अधिक मागू नये. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागले आहे का ते आधी पाहा. ते उतरवण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते.

काच आणि मागच्या झाकणाची रबरी रिंग मात्र खुशाल बदला, ते भाग बदलण्यासाठीच केलेले असतात. त्यातही काचेचा धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर नुसत्या पुसण्याने जाईल. तुमची काच सेकोची हार्डलेक्स, म्हणजे कठीण केलेली खनिज काच असावी. प्लॅस्टिकच्या काचेवरचे ओरखडे घालवणारी पेस्ट तिच्यावर चालत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. एवढे करूनही पाठीवर पाण्याबद्दल जे लिहिले आहे त्यावर आता विसंबू नका, आणि पावसाळ्यात स्टेशनपर्यंत चालत जाताना ते मनगटावर ठेवू नका.

काम चालू असताना बॅलन्सचे टोक मोडलेले आढळले किंवा हेअरस्प्रिंग हातून वाकली, तर तिथेच थांबावे. सरळ करण्याचा प्रयत्न न करता सगळे भाग डब्यांत बंद करावेत आणि त्याच क्रमांकाच्या मशीनचा पूर्ण बॅलन्स मिळतो का ते शोधावे. ७००९ चे बॅलन्स अजून मिळतात. घेताना तो मूळ सेकोचाच आहे ना, एवढे त्या घड्याळजीकडून तपासून घ्या.